‘ग्लॅमर’चं चेटूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. ‘ग्लॅमर’ हा ‘ग्रामर’चा अपभ्रंश आणि त्याचा जुना अर्थ चेटूक, असं मी लिहिलं. तुमच्या मते ही व्हॉट्सअ‍ॅपछाप व्युत्पत्ती. शब्द हॉलिवूडचा, ‘र’चा ‘ल’ करायला इंग्रजी काही बोबडी नाही, आणि चेटूक ही फार तर कवींची हौस.

हॉलिवूडचं आधी उरकतो. स्कॉटिश कवी अ‍ॅलन रॅमझीने १७२० च्या दशकातच हा शब्द अर्थासकट नोंदवलाय : भुतं, मांत्रिक किंवा हातचलाखीवाले बघणाऱ्याला चकवतात तेव्हा त्याच्या डोळ्यांवर ‘ग्लॅमर टाकलं’ म्हणतात. म्हणजे आपली नजरबंदी. सिनेमाचा जन्म व्हायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं अवकाश होता!

आता ‘ग्रामर’. मध्ययुगात ग्रामर म्हणजे नुसती विभक्ती-प्रत्यय नव्हेत, सगळी लॅटिन विद्याच. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याला, पोथीत डोकं खुपसून काहीतरी पुटपुटणारा माणूस औषध शोधतोय, ग्रह मांडतोय की भूत बोलावतोय, हे कळणार कसं? फ्रेंचमध्ये तर ‘ग्रामेर’वरूनच ‘ग्रिम्वार’ निघाला; अर्थ, मंत्रतंत्रांची पोथी. रॉबर्ट बर्न्सने १७८९ च्या एका कवितेत ‘ग्लॅमर’ आणि ‘ग्रामर’चं सरळ यमकच जुळवलं : एकीकडे ग्लॅमरचा धंदा करणारे जिप्सी, दुसरीकडे नरकाचं काळं ग्रामर कोळून प्यायलेले चेटके. पुढे वॉल्टर स्कॉटने १८०५ मध्ये ‘ग्लॅमर’ हा शब्द आपल्या दीर्घकाव्यात वापरला आणि स्कॉटलंडबाहेरही तो रुळला. मोहिनी, झगमगाट हे सगळं त्यानंतरचं.

राहिला ‘ल’. एका शब्दात दोन ‘र’ आले की जीभ एकाला बगल देते. लॅटिन ‘पेरेग्रिनुस’चा इंग्रजीत ‘पिलग्रिम’ झाला, फ्रेंच ‘मार्ब्र’चा ‘मार्बल’. तुमच्या फोडणीतली हळदसुद्धा मुळात हरिद्रा. तिला कुणी बोबडी म्हणत नाही.

आणि कवींची हौस म्हणाल, तर रॅमझी हे लिहीत होता तेव्हा स्कॉटलंडमध्ये चेटकाला देहदंड देणारा १५६३ चा कायदा लागूच होता. तो रद्द झाला १७३६ मध्ये. त्याआधी त्याखाली शेकडो माणसं मारली गेली होती, आणि त्यात बहुतेक बायका होत्या.