खोलीभाड्याची अट आधी का सांगत नाही?

आरोग्य विम्याचा हप्ता भरा म्हणून फोनवर फोन येतात, पण हॉस्पिटलच्या खोलीभाड्याची मर्यादा किती, हे एकही एजंट आपणहून सांगत नाही. डोकं फिरतं अगदी! पाच लाखांच्या पॉलिसीत दिवसाला 1 टक्का, म्हणजे 5,000 रुपये अशी अट असेल आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतलीत, तर वरचे तीन हजार भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, तेही त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले तीन हिस्से, कापतात. हा खर्च 2 लाख झाला तर 75 हजार तुमच्या खिशातून! सासूबाईंना अ‍ॅडमिट करताना काउंटरवर 'ट्विन की सिंगल?' एवढंच विचारलं. कापाकापी कळली ती डिस्चार्जच्या दिवशी.

1 जानेवारी 2024 पासून आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे, पॉलिसीसोबत सोप्या भाषेतला माहितीतक्ता द्यायचा, मागितला तर आपल्या भाषेत. मराठीत मागून तर बघा! आमच्या एजंटला असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

डिस्चार्जची मंजुरी विमा कंपनीने 3 तासांत द्यायची, उशीर झाला तर हॉस्पिटलने लावलेले जादा पैसे कंपनीने सोसायचे, हाही नियमच. कुठल्या हॉस्पिटलच्या भिंतीवर लिहिलेला दिसलाय? पेशंट सलाइन काढून, कपडे बदलून खाटेवर बसलेला आणि घरचे 'मेल आला का हो?' विचारत हेलपाटे घालतायत.

हप्ता आमचा, आजारपण आमचं, मग माहिती लपवता कशाला? खोलीभाड्याची ती अट पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, मराठीत छापा.