डांके म्हटल्यावर टोपली पुढे गेली

पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयाला राज्यभर विरोध झाला आणि २९ जून २०२५ रोजी सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले, तेव्हा मी इथे जर्मनीतल्या श्टुटगार्टमधून कोल्हापूरच्या मित्रांशी रोज फोनवर बोलत होतो. लहान मुलांवरची सक्ती टळली हे योग्यच झाले. मात्र भाषा कोणत्या इयत्तेपासून, यावरच सगळा वाद फिरत राहिला. मूल ती कोणाशी बोलणार, हे फारसे कोणी विचारले नाही. जर्मनच्या बाबतीतही तेच होते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये इथल्या, म्हणजे बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ओळखीचे पालक मला विचारतात, "बी-वन (जर्मनची मधली पातळी) किती महिन्यांत होईल?" तीन आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्याचा विषय काढला की म्हणतात, "ती सहलच की, त्याला एवढे पैसे कशाला घालायचे?"

असाच चौदा जणांचा गट कोल्हापूरहून आला होता. सकाळी वर्ग आणि राहायला एकेका कुटुंबात एकेक जण, अशी सोय होती. एका संध्याकाळी मी त्यातल्या एका मुलीच्या यजमानांकडे जेवायला गेलो. इथले रात्रीचे जेवण बहुधा थंडच असते: पाव, चीज, काकडी. यजमानीणबाईंनी पावाची टोपली पुढे धरली, मुलगी हसून "डांके" म्हणाली आणि टोपली शेजारच्याकडे गेली. कोणी काही देऊ केले असता नुसते "डांके" म्हटले, तर ते "नको" असे समजले जाते. हवे असेल तर "बिट्टे" म्हणायचे. वर्गात ती "डांके म्हणजे धन्यवाद" एवढेच शिकली होती. शिवाय आपल्याकडे पाहुण्याचे पहिले "नाही" कोणी खरे धरत नाही, "नको, नको" चालू असतानाच पांढऱ्या रश्श्याची वाटी भरली जाते. ती आग्रहाची वाट पाहत राहिली, पण आग्रह झाला नाही. त्यात बाईंचा कोरडेपणा नव्हता, पाहुण्याच्या शब्दाचा मान होता. मी मराठीत सांगितले, ती "बिट्टे" म्हणाली आणि टोपली परत आली.

त्याच आठवड्यात त्या घराच्या दारावर "केरवोखे"ची पाटी लागली, म्हणजे जिना झाडायची पाळी आली. मुलीने झाडू हाती घेतला, तेव्हा वरच्या मजल्यावरचे आजोबा थांबून तिच्याशी इथल्या श्वाबिश बोलीत बोलले. घराला "हाउस" न म्हणता "हॉइस्ले" म्हणतात हे तिला तिथे कळले. "आम्हाला सगळे येते, फक्त प्रमाण जर्मन सोडून" असे अभिमानाने सांगणारी जाहिरात या राज्यानेच १९९९ पासून केली होती, हे ऐकून ती फार खूश झाली, कारण पुण्यात शिकताना तिच्या कोल्हापुरी बोलण्याला मुली हसायच्या.

त्याआधीचा एक गट मात्र वसतिगृहात एकत्र राहिला होता. ती मुले रोज रात्री मिळून भात शिजवत, मराठीत बोलत आणि शनिवारी-रविवारी बसने किल्ले पाहत. परक्या गावात आपली माणसे धरून राहावीशी वाटतात, ते मी जाणतो; पण त्या दौऱ्याला पालकांनी सहल म्हटले, तर मला उत्तर देता येत नाही.

पुढच्या गटाच्या काही पालकांनी मुलांना एकत्रच ठेवा, असे आताच कळवले आहे. मी त्यांना नाही म्हणून लिहिले आहे आणि किल्ल्यांचे दोन दिवस कमी करून त्या पैशांत आणखी एक आठवडा यजमानांच्या घरात राहू द्या, असे सुचवले आहे.