वाफाळता काढा सगळ्यांना चालत नाही

आलं-मिरी-दालचिनीचा वाफाळता काढा संवेदनशील त्वचेसाठी सर्वात सुरक्षित, हे कॅफीनमुक्त पेयांची यादी देणाऱ्या तुमच्या लेखातलं विधान पटलं नाही. त्यात चहापत्ती नाही, दूध नाही, हे खरं. पण रोझेशिया (चेहऱ्यावर लाली येणारा त्वचाविकार) असलेल्यांचा चेहरा बरेचदा पेयाच्या गरमपणानेच लाल होतो, आणि तिखट मसाले व दालचिनी त्यात भर घालू शकतात. मला रोझेशिया आहे. चहा-कॉफी सोडूनही गालांची आग थांबेना; काढा बंद केल्यावर ती कमी झाली. आता थंडीत धणे-जिऱ्याचा कषाय नाहीतर ताक न घालता केलेली नाचणीची पेज घेते, दोन्ही कोमट. पेजेने पोटालाही छान आधार मिळतो.

आणि नारळाच्या दुधातला कोको कॅफीनमुक्त यादीत कसा? कोकोत थोडं का होईना, कॅफीन असतंच. कृपया तेवढं दुरुस्त करा.