‘प्रामाणिक माणसाला कसली भीती?’ : सरसकट बंदीच्या संदेशाला उत्तर

दादर-गिरगावकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. चित्रपट चोरणाऱ्या वेबसाइट सरसकट बंद करा आणि त्यासाठी कॉपीराइटचा कायदा आणखी कडक करा, ही त्याची मागणी. त्यात प्रामाणिक माणसाचे काही जात नाही, बंदी कोर्टाच्या हुकमानेच येते, चूक झाली तर दाद मागता येते आणि पडद्यामागच्या गरीब कामगाराचे पोट यावरच आहे, असा त्याचा मथितार्थ. चोरीमुळे निर्मात्याचे नुकसान होते, हे मला मान्यच आहे. बाकीची विधाने मात्र टिकत नाहीत.

प्रामाणिक माणसाचे काही जात नाही, हे पहिले विधान. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ‘अशोक कुमार’ या नावाखाली, म्हणजे अज्ञात प्रतिवाद्यांविरुद्ध, दिलेल्या मनाई हुकमावर बोट ठेवून इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओसारख्या अख्ख्या साइट बंद केल्या, आणि हुकूम बेकायदा प्रतीच्या नेमक्या दुव्यापुरताच आहे, असा खुलासा त्याच न्यायालयाला जूनमध्ये करावा लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी तिथूनच मिळवलेल्या हुकमांमुळे अडीच हजारांहून अधिक साइट बंद झाल्या. त्यांत इंटरनेट अर्काइव्हही होते, जिथे जुनी पुस्तके आणि केव्हाच बंद पडलेल्या वेबसाइटची पाने जपलेली असतात. एका गाळ्यात चोरीचा माल सापडला म्हणून सगळ्या मंडईला टाळे ठोकण्याचाच हा प्रकार.

कोर्टाचा हुकूम म्हणजे शहानिशा झालेलीच असणार, असे संदेश गृहीत धरतो. पण अज्ञात प्रतिवादी न्यायालयात उभाच राहत नाही. न्यायमूर्तींपुढे असते ती निर्मात्याने दिलेली यादी. ती किती तपासायची, याचा धडा आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिला आहे. जुलै २०१६ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी, एखाद्या साइटवर बेकायदा मजकुराखेरीज काहीच नाही हे दाखवल्याशिवाय ती संपूर्ण बंद करणार नाही, असे सांगून प्रत्येक दुव्याची पडताळणी आणि त्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र मागितले. बंद पानावर झळकणारा इशाराही त्यांनी सोडला नाही. बेकायदा प्रत नुसती पाहणे हाही गुन्हा असल्याचे त्यात म्हटले होते. तसे कायद्यात नाही, म्हणून तो बदलायला लावला. तोवर किती जणांनी तो वाचून धसका घेतला असेल, कोण जाणे! शिवाय आता कोर्टाचीही गरज उरलेली नाही. २०२३ मध्ये चित्रपटविषयक कायद्यात सुधारणा झाल्यानंतर सेन्सॉर बोर्डात आणि माहिती व प्रसारण मंत्रालयात नोडल अधिकारी नेमले गेले. हक्कधारकाच्या तक्रारीवर ते निर्देश देतात आणि ४८ तासांत मजकूर हटवावा लागतो.

दाद मागण्याचे म्हणाल, तर कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ समीक्षेसाठी उतारा किंवा दृश्याचा तुकडा वापरू देते, आणि तेच कलम हक्कधारकाच्या लेखी तक्रारीवर मजकूर २१ दिवस अडवून ठेवण्याची सोयही करते. त्या मुदतीत कोर्टाचा हुकूम आला नाही तर मजकूर दाखवणारी साइट तो पुन्हा खुला ‘करू शकते’. केलाच पाहिजे, असे बंधन नाही. शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाचे परीक्षण तीन आठवड्यांनी सुटले, तरी तोवर चित्रपट थिएटरांतून उतरलेला असतो.

राहिला कामगार. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला सोडून देता न येणारा वाटा २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत बाजू लावून धरली होती, आणि त्या तरतुदीपायी एकही साइट बंद करावी लागली नाही. गोरेगावच्या चित्रनगरीतल्या लाइटमनला तर या रॉयल्टीतही वाटा नाही. साइट बंद झाल्यावर निर्मात्याचा गल्ला वाढलाच, तर त्यातले किती पैसे कोणत्या कलमाने त्याच्या हातात पडणार, याबद्दल एवढ्या लांब संदेशात एक ओळही नाही.