हामामात्सुचा द्वारपाल : होंडा एफसीविषयी थोडे सविस्तर

जपानमध्ये फुटबॉलची चौथी श्रेणी म्हणजे जेएफएल (जपान फुटबॉल लीग). या लीगमधील होंडा एफसी या संघाला तिथले प्रेक्षक ‘मोनबान’, म्हणजे द्वारपाल, म्हणतात. व्यावसायिक जे-लीगमध्ये जाऊ इच्छिणाऱ्या क्लबांना जेएफएलमधून वर जावे लागते आणि तिथे होंडाचा संघ वर्षानुवर्षे दारात उभा असतो. 2016 ते 2019 अशी सलग चार वर्षे त्याने ही लीग जिंकली, 2023 मध्ये पुन्हा जिंकली, आणि तरीही तो एक पायरीही वर गेला नाही. हा कंपनीचा संघ आहे, जे-लीगचा परवाना त्याच्याकडे नाही आणि तो मिळवण्याची त्याची धडपडही नाही. त्यामुळे ‘ज्यांना वर जायचेच नाही त्यांनी इतरांची जागा का अडवावी’ हा आक्षेप त्याच्यावर नेहमी घेतला जातो. हा आक्षेप मला मनापासून अन्यायकारक वाटतो.

होंडा कंपनीची स्थापना 1948 मध्ये शिझुओका प्रांतातील हामामात्सु शहरात झाली. त्याच शहरातल्या कारखान्याच्या आधाराने 1971 मध्ये हा संघ उभा राहिला आणि 1981 मध्ये तो तेव्हाच्या राष्ट्रीय लीगच्या पहिल्या श्रेणीत पोहोचला. त्या काळी जपानी फुटबॉल म्हणजे कंपन्यांचेच फुटबॉल होते. अशा संघांना तिथे ‘जित्सुग्योदान’ म्हणतात. मित्सुबिशी, निसान, यामाहा, फुरुकावा इलेक्ट्रिक, मात्सुशिता या कंपन्यांचे कर्मचारी दिवसा काम करीत आणि उरलेल्या वेळात देशातील सर्वोत्तम फुटबॉल खेळत. 1993 मध्ये जे-लीग सुरू झाली तेव्हा क्लबाच्या नावात कंपनी नको, गाव हवे असे ठरले. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड्स झाला, यामाहाचा जुबिलो इवाता झाला. होंडाने मात्र त्या लीगमध्ये न जाण्याचा निर्णय घेतला. त्याची किंमत संघाला लगेच मोजावी लागली, कारण प्रशिक्षक मासाकात्सु मियामोतो आणि हासेगावा, कुरोसाकी, यासुतो होंडा यांसारखे खेळाडू सुमितोमो मेटलच्या संघाकडे गेले. तोच संघ पुढे काशिमा अँटलर्स म्हणून जपानचा सर्वांत यशस्वी क्लब झाला.

हा इतिहास मनात ठेवून 2019 च्या सम्राट चषकाकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. या स्पर्धेत सर्व श्रेणींतील संघ एकत्र येतात. दुसऱ्या फेरीत होंडाने पहिल्या श्रेणीतील कोन्साडोले साप्पोरोला 4-2 असे हरवले, तिसऱ्या फेरीत तोकुशिमा व्होर्टिसला हरवले, आणि चौथ्या फेरीत उरावा रेड्सला, म्हणजे आदल्या वर्षीच्या विजेत्यालाच, 2-0 ने घरी पाठवले. उपांत्यपूर्व फेरीत काशिमाने त्यांना 1-0 असे रोखले. चौथ्या श्रेणीतील संघाने केलेला चमत्कार म्हणून ही कथा सांगितली जाते आणि ती खरीही आहे. पण मला त्यात आणखी काही दिसते. साप्पोरोचा क्लब म्हणजे मुळात कावासाकीतील तोशिबाचा संघ, जो 1996 मध्ये होक्काइदोला हलवला गेला. तोकुशिमा म्हणजे ओत्सुका या औषध कंपनीचा संघ. 1999 मध्ये आजची जेएफएल सुरू झाली तेव्हा तो होंडासोबत याच लीगमध्ये होता आणि 2005 मध्ये जे-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत गेला. उरावा मित्सुबिशीचे, काशिमा सुमितोमोचे. या चार सामन्यांत होंडासमोर आलेले चारही क्लब कधीकाळी त्याच्यासारखेच कंपनीचे संघ होते. इतरांनी नाव बदलले, गाव जोडले, पगार वाढवले. होंडाचे खेळाडू मात्र सकाळी कारखान्यात काम आणि दुपारनंतर सराव हाच दिनक्रम पाळून त्यांच्यासमोर उभे राहिले.

अशा संघाला महत्त्वाकांक्षा नाही असे कसे म्हणता येईल? प्रत्येक क्लबाने वरच्या पायरीकडेच पाहिले पाहिजे, हा आग्रह मला पटत नाही. खालच्या श्रेणीतील व्यावसायिक खेळाडूचे आयुष्य एका करारापासून दुसऱ्या करारापर्यंतचे असते आणि तिशी ओलांडली की पुढे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे असतो. कंपनीच्या संघातील खेळाडूला बूट उतरवल्यानंतरही नोकरी असते. दारात उभ्या असलेल्या या संघाला हरवता येत नसेल, तर वरच्या श्रेणीत आपला निभाव कसा लागेल, याचा विचार वर जाऊ इच्छिणाऱ्या क्लबांनी करावा.

कंपनीच्या संघाची एक दुखरी बाजू आहे आणि ती मी नाकारणार नाही. कंपनीने ठरवले की संघ संपतो. 2011 च्या त्सुनामीत तागाजो येथील सोनीच्या कारखान्याला फटका बसला आणि सोनी सेंदाई एफसीला त्या हंगामाचा पूर्वार्ध खेळता आला नाही. तो संघ त्यातून उभा राहिला, 2015 मध्ये जेएफएल जिंकला, आणि 2024 च्या हंगामानंतर बंद झाला. सागावा शिगाने तीनदा ही लीग जिंकली होती. 2012 नंतर तो राहिला नाही. मुंबईकरांना हे दुःख नवीन नाही. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, तेव्हा कूपरेजवर त्याचे सामने पाहणाऱ्यांना नेमके हेच वाटले होते.

परंतु नावातून कंपनी काढल्याने हा धोका टळतो, असे समजणेही चूक आहे. योकोहामा फ्ल्यूगेल्स हा जे-लीगचा संस्थापक क्लब होता आणि त्याच्या नावात कंपनी नव्हती. प्रायोजक मागे हटताच त्याला शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन करण्यात आले. 1 जानेवारी 1999 रोजी त्या खेळाडूंनी सम्राट चषक जिंकला आणि तोच त्यांचा शेवटचा सामना ठरला. फरक इतकाच की होंडाच्या छातीवर लिहिलेले असते की आपण कोणाच्या जिवावर उभे आहोत. हे उघडपणे सांगणाऱ्या संघाविषयी मला अधिक आदर वाटतो.

मियाकोदा येथील त्यांच्या मैदानात जेमतेम अडीच हजार प्रेक्षक मावतात. दरवर्षी सम्राट चषकाचे वेळापत्रक जाहीर झाले की मी सर्वप्रथम हामामात्सुचे नाव शोधतो आणि पहिल्या श्रेणीतील कोणता क्लब या वेळी त्यांच्या वाट्याला येऊ शकतो, ते पाहतो.