अमूर्त चित्र म्हणजे फासलेले रंग नव्हेत

सध्या आमच्या रत्नागिरीतल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. वर एका निळ्या-करड्या चित्राचा फोटो आणि खाली शेरे. ज्यांना चित्र काढता येत नाही ते अमूर्त काढतात. मूड लागला की रंग फासायचे, अर्ध्या तासात काम फत्ते. कोकणात समुद्र, माड, कौलारू घरं डोळ्यांसमोर असताना यांना प्रेरणा तरी कसली मिळते? सगळी पाश्चात्त्यांची नक्कल, पैशांचा खेळ, आणि पाच वर्षांचं पोरही हे काढेल.

मी याच किनाऱ्यावर राहून अमूर्त चित्रं काढतो, म्हणजे ओळखीचं दृश्य जसंच्या तसं न दाखवणारी. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत माझे नातेवाईक आहेत, माझ्याकडे चित्रकला शिकून गेलेली मुलंही आहेत. म्हणून एकेका मुद्द्याला धरून उत्तर देतोय.

"चित्र काढता येत नाही म्हणून अमूर्त"

आपल्याकडचे नामवंत अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, लघुचित्रांच्या वळणाची रेषा आहे. ती रेषा ज्याच्या हातात आहे त्याला 'येत नव्हतं' असं कोण म्हणेल? हॉलंडचा अमूर्त चित्रकार माँड्रियान याने १९०८ पासून पुढची काही वर्षं झाडं पुन्हा पुन्हा रंगवली. ती चित्रं क्रमाने पाहिली तर आधी पूर्ण झाड दिसतं, मग फांद्यांचा ताण उरतो, आणि १९१२च्या सुमारास नुसत्या रेषांची जाळी. प्रत्येक पायरीवर त्याने काय गाळलं ते दाखवता येतं. काय गाळायचं हे ठरवायला आधी ते नीट पाहिलेलं असावं लागतं.

"अर्ध्या तासात चित्र तयार"

हे वाक्य लिहिणाऱ्याने जुलै महिन्यात कोकणात तैलरंग वाळायची वाट पाहिलेली नाही, हे नक्की.

तैलरंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं, आणि पावसाळी दमट हवेत ही क्रिया आणखी रेंगाळते. अंबर हा तपकिरी रंग त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळतो. टायटॅनियमचा पांढरा मात्र बोटाला चिकटतच राहतो. म्हणून थरांचा क्रम आधी ठरवावा लागतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा. वर जाऊ तसं तेल वाढवायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळून बसतो, खालचा अजून हलत असतो आणि चित्राला तडे जातात. त्यात कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते, म्हणून तो भिंतीपासून सुटा ठेवायचा आणि मधूनमधून उलटून पाहायचा. हे सगळं सांभाळत एकेक थर चढतो.

आणि वाट पाहणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. पहिल्या दिवशी जो लाल आवश्यक वाटला होता, तो थर सुकेपर्यंत आरडाओरडा करतोय असं दिसायला लागतं. मग पॅलेट नाईफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, तो खरवडायचा. खरवडला तरी सगळा जात नाही, कॅनव्हासच्या विणीच्या खाचांत थोडा उरतो, आणि वर राखाडी पातळ थर दिला की तो उरलेला लाल आतून उबेसारखा जाणवतो. चित्रातली माझी सगळ्यात आवडती जागा बहुतेक वेळा अशीच झालेली असते. मूड पहिला फटका मारायला उपयोगी पडतो, याबद्दल वाद नाही. पुढचं काम निर्णयांचं असतं.

गायतोंडेंनी साठच्या दशकापासून ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाईफला जवळ केलं. ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवायचे, दाबायचे, उचलायचे. थरावर थर द्यायचा, काही पुसून काढायचा. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रं पुरी होत. अर्ध्या तासाचा हिशोब इथे कुठे बसवायचा?

"कोकणात राहून असली प्रेरणा कसली?"

हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. कारण कोकण म्हणजे माड, होडी आणि मावळता सूर्य, हे समीकरण त्यात गृहीत धरलंय. ते पर्यटनाच्या जाहिरातीपुरतं ठीक आहे.

आमच्याकडे रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका अंगाला काळा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र आहे. रंग पाण्याचा नव्हे, वाळूचा. या किनाऱ्याच्या वाळूत इल्मेनाइट हे जड, काळं खनिज आहे. ओहोटीचं पाणी मागे सरकताना हलके पांढरे कण ओढून नेतं, जड काळे मागे राहतात, आणि ओल्या पुळणीवर काळ्या रेघांची नक्षी उमटते. उकिडवं बसून पाहिलं तर कळतं, एकही रेघ कडेला सारखी नाही. समुद्राच्या बाजूला ती विरत गेलेली असते आणि जमिनीच्या बाजूला धारदार. एक कड विरलेली, एक कड कापलेली, एवढ्यावर मी महिनोन् महिने काम केलंय. त्या चित्रांत समुद्र दिसत नाही. पण समुद्राशिवाय ती झाली नसती.

दुसरं, होड्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. नौका वर ओढून शाकारून ठेवतात, आणि हंगामाआधी जुना रंग खरवडतात. मिरकरवाडा बंदरात जाऊन एखाद्या नौकेच्या बुडाशी उभं राहा. वर हिरवा, त्याच्या पोटात निळा, निळ्याखाली शेंदरी, त्याखाली लाकूड. मालकाने दर हंगामाला दिलेला रंग एका तळहाताएवढ्या जागेत एकदम दिसतो. काळ असा थरांनी दाखवता येतो, हे मी तिथे शिकलो.

प्रेरणा म्हणतात ती एवढीच. दृश्य उचलून आणायचं नाही; त्यातलं वजन, कड, थर, अंतर एवढं आणायचं. चित्रकार प्रभाकर कोलते नेरूरपारचे, चित्रकार प्रभाकर बरवे नागावचे, दोघंही याच किनारपट्टीवर जन्मलेले. बरवेंच्या चित्रांत पान, घड्याळ असे ओळखीचे आकार येतात, पण मोकळ्या अवकाशात, एकमेकांपासून सुटे, वेगळ्याच नात्याने. कोकणात जन्मलेल्याने अमुकच काढावं, हा नियम त्यांनी पाळला नाही, आणि मराठी चित्रकलेचं त्यामुळे भलंच झालं.

"पाश्चात्त्यांची नक्कल"

युरोपात कांदिन्स्की, मालेविच यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमूर्ताला जोर दिला, हे खरंच आहे. हिल्मा आफ क्लिंट तर १९०६ पासूनच तशी चित्रं करत होती. पण मग तोच न्याय माड-सूर्यास्ताच्या चित्रालाही लावा. कॅनव्हासवरचे तैलरंग, कागदावरचा जलरंगातला निसर्ग, दूरचं लहान आणि जवळचं मोठं दाखवायची ती रीत आपल्याकडे रुजली ती इंग्रजांच्या काळात, १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. सारख्या शाळांतून. तिला आपण 'आपली' म्हणायला लागलो, त्यात वाईट काही नाही. तसंच अमूर्तही आपलं होऊ शकतं.

शिवाय सड्यावर, म्हणजे इथल्या उघड्या कातळाच्या पठारावर, जाऊन या. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ कातळात चौकोनी भौमितिक नक्षी कोरलेली आहे. कशेळीला अठरा मीटरचा हत्ती, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. ती कोरणारे आजच्या अर्थाने अमूर्त चित्रकार होते असा दावा मी करणार नाही. पण दिसतं तसंच काढावं, ही सक्ती या मातीत कधीच नव्हती, एवढं तो कातळ सांगतो.

"पैशांचा खेळ"

२०१५ साली मुंबईतल्या लिलावात गायतोंडेंचं एक चित्र २९ कोटींवर गेलं. गायतोंडे २००१ मध्येच वारले होते, आणि दिल्लीत अगदी साधेपणाने राहिले होते. लिलावातल्या आकड्यावरून चित्रकाराची नियत ठरवू नका.

"पाच वर्षांचं पोरही काढेल"

बॉस्टन कॉलेजच्या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०११ मध्ये हेच तपासलं. नामवंत अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलांनी किंवा प्राण्यांनी रंगवलेली, तशाच दिसणारी चित्रं जोडीने दाखवली. काही वेळा नावांच्या चिठ्ठ्या मुद्दाम उलट लावल्या. तरीही लोकांनी चित्रकाराचं चित्र निव्वळ नशिबाने निवडलं जाईल त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त वेळा निवडलं. अर्थात प्रत्येक वेळी नाही, चुकलेही. पण समोरच्या चित्रामागे कुणीतरी विचार केलाय हे डोळ्याला बरेचदा कळतं.

मुलांची चित्रं सुंदर असतात, मी ती जपून ठेवतो. पण मुलाचा आनंद रंग फिरवण्यात असतो आणि चित्र कुठे थांबवायचं याची त्याला फिकीर नसते. मला असते. एक फटका जास्त झाला की पुन्हा खरवडण्यापासून सुरुवात.

या मजकुरातलं एक मात्र मला मान्य आहे: बाजारात पोकळ अमूर्त चित्रं भरपूर आहेत. हॉटेलच्या सोफ्याला जुळतील अशा रंगांत ती मागणीप्रमाणे बनवून मिळतात. ती ओळखायची असतील तर चित्राच्या जवळ जा आणि बाजूने पाहा. रंगाखाली रंग आहे का, कडा सगळीकडे सारख्याच आहेत का, कुठे काही पुसलेलं, बदललेलं दिसतं का. आणि चित्रकार तिथेच उभा असेल तर त्याला विचारा की पहिला थर कुठला होता आणि तो का झाकला. ज्याने काम केलंय तो तुम्हाला तासभर सोडणार नाही.