‘अपलोड ० करा’ हा सल्ला पाळण्याआधी

कुडाळ-मालवणकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या फिरतंय: ‘टोरंटचं अपलोड स्पीड ० टाका, डाउनलोड दुप्पट होईल. तिथे सगळे फुकटेच, देणारा मूर्ख. नियम केले तरी पळवाट निघतेच.’

टोरंट म्हणजे फाइलचे तुकडे एकमेकांच्या मशीनवरून घ्यायची-द्यायची रीत. गंमत अशी, की म्यूटोरंट आणि क्यूबिटटोरंट या त्यासाठीच्या प्रोग्रॅममध्ये अपलोड स्पीडच्या चौकटीत ० म्हणजे ‘मर्यादाच नाही’. सल्ला शब्दशः पाळलात तर अपलोड मोकाट सुटेल. मग डाउनलोड उलट रखडेल, कारण आलेल्या डेटाची पोच पाठवायलाही अपलोडच लागतं. मर्यादा जरूर घाला, पण लाइनच्या ताकदीपेक्षा थोडीच खाली. फॉरवर्डमध्ये खरं आहे ते एवढंच.

बरं, अपलोड सेकंदाला १ केबी ठेवलं तर? ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरंटची, म्हणजे टोरंटमागच्या पद्धतीची, मूळ रीत अशी: तुमचा क्लायंट (टोरंटचा प्रोग्रॅम) दर १० सेकंदांनी बघतो, आपल्याला जास्त कोण देतंय, आणि तुकडे त्याच मोजक्यांना पाठवतो. शिवाय एक जागा दर ३० सेकंदांनी फिरती असते, कुणालाही आजमावायला. नवख्याकडे द्यायला काही नसतं, त्याची सुरुवात तिथून होते. १ केबीवाला भाऊ त्या फिरत्या जागेवर आणि सीडरांच्या, म्हणजे पूर्ण फाइल असून देत राहणाऱ्यांच्या, मेहेरबानीवर जगणार. सीडर भरपूर असले तर त्याचंही भागतं; २००६ मध्ये बिटथीफ नावाच्या क्लायंटने हे करून दाखवलं. पण दुप्पट स्पीड कुठून येणार?

‘सगळे फुकटे’ला आधार आहे, पण जुना. २००० साली नूटेला या फाइल वाटायच्या नेटवर्कवर सुमारे ७० टक्के लोक काहीच शेअर करत नव्हते. तिथे दिलं काय, न दिलं काय, फरकच पडत नव्हता!

पळवाटेचं म्हणाल तर कझा या तशाच जुन्या नेटवर्कमध्ये ‘मी किती दिलं’ हे ज्याचं त्याचंच मशीन सांगायचं. कझा लाइट या त्याच्या अनधिकृत आवृत्तीने तो आकडा खोटा फुगवला, संपलं. रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मासळीच्या जाळ्याचा) वाटा दोरावर दिसलेल्याला मिळतो, घरून ‘ओढला’ म्हणून कळवणाऱ्याला नाही. बिटटोरंटमध्येही मोजतो तो घेणारा.

खरी अडचण फॉरवर्डवाल्यांना दिसलीच नाही. फाइल पूर्ण उतरली की थांबून देत राहण्याचं कारण उरत नाही. देवाणघेवाणीचा हिशेब तिथे संपतो. खासगी ट्रॅकर (सभासदांपुरत्या टोरंट साइट) त्यासाठी प्रत्येकाचा रेशो, म्हणजे घेतल्याच्या किती पट दिलं तो हिशेब, ठेवतात. सर्वांना खुल्या ट्रॅकरवर तशी सोय नाही, म्हणून जुन्या फाइली सीडरवाचून मरतात. घरी फायबर असेल तर लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरल्यावर रेशो १ होईपर्यंत क्लायंट चालू ठेवा. मोबाइल डेटावाल्यांनी नाही ठेवला तरी चालेल.